आधी कंदील

भिंतीवर दोन प्रमाणपत्रं आहेत.
एक मिरजेच्या दवाखान्यातल्या नऊ वर्षांचं,
दुसरं विद्यापीठाचं, त्यावर माझं नाव चुकलंय :
इंदुमती तोडकरचं 'इंदूमती'.
दुरुस्त करून घेतलं नाही.
येणारी माणसं तेवढंच वाचतात
आणि जरा सैल बसतात.

खरी नोकरी त्याआधीची.
हरिपूर, वय सात, पगार नाही.
आई-बाबा एकमेकांशी बोलत नसत.
कारण मला आजही ठाऊक नाही,
कुणाच्या तरी लग्नातल्या आहेरावरून सुरू झालं म्हणतात.
मी चुलीपासून ओसरीपर्यंत निरोप नेत असे.
'त्यांना सांग, आमटी गार होतेय.'
'तिला सांग, भूक नाही.'
मधल्या आठ पावलांत मी शब्द धुऊन घ्यायचे.
'भूक नाही'चं 'थोड्या वेळानं जेवतो' व्हायचं.
हा माझा पहिला अभ्यासक्रम,
आणि पहिली चूकही.

बाबा हळदीच्या पेवांवर कामाला.
जमिनीखाली पंधरा-वीस हात अंधार,
त्यात वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली हळकुंडं.
नवा गडी झाकण निघताच उतरायला बघे.
बाबा त्याला कॉलर धरून मागं ओढत :
उघडं राहू दे आधी. कोंडलेलं बाहेर येऊ दे.
मग दोरीला कंदील.
कंदील विझला तर माणूस विझतो.
बाबा माझ्यासमोर सगळ्यांत जास्त बोलले
ते एवढंच, आणि तेही दुसऱ्याशी.

मग पोलीस ठाण्यामागची खोली.
तिथं एक शिक्का होता : 'समेट झाला'.
महिन्याला किती समेट, त्याचा तक्ता वर जायचा.
बुधगावची एक बाई मी शिक्का मारून
सासरी पाठवली.
दीड महिन्यानं परत आली,
डावा हात गळ्यात बांधलेला.
म्हणाली, 'मॅडम, तुमचा शिक्का पुसट उमटला हुता.'
नोकरी सोडताना तो शिक्का मी उचलून आणला.
खणात आहे. शाई वाळलीय.

आता गावभागात, वह्यांच्या दुकानावर, जिना अरुंद.
खुर्च्या पाच, सगळ्या एकाच उंचीच्या.
कोण कुठली धरतं ते बघते.
विचारते साधंच :
सकाळी पहिला चहा कोण टाकतं?
रिमोट कुणाच्या उशाशी?
कोण घरात आलं की बोलणं थांबतं?

गेल्या मंगळवारी कुपवाडहून चौघं आली.
मुलगा तेरा वर्षांचा, शाळा बंद, पोट दुखतं,
रिपोर्ट सगळे नॉर्मल.
'याला तेवढं नीट करा,' वडील म्हणाले.
तो दोघांच्या मधोमध बसला,
एक हात आईच्या खुर्चीवर, एक बापाच्या,
हलत्या होडीत बसावं तसा.
त्याला मी काहीच विचारलं नाही.
खिडकीत भडंगाचा डबा होता.
म्हटलं, जा, तिकडं बसून खा.

मधली खुर्ची रिकामी झाली.
नवरा-बायको तिच्याकडं बघत राहिले,
मग चुकून एकमेकांकडं.
सात मिनिटं.
मी घड्याळ बघितलं, आत उतरले नाही.
आजोबांना राहवेना, त्यांनी घसा खाकरला.
तेवढ्यात खिडकीतून, भरल्या तोंडानं :
'आजोबा, थांबा की.'

पुढच्या मंगळवारी येतील, न येतील.
जाताना वडिलांनी विचारलं, काय वाटतं तुम्हाला?
म्हटलं, कंदील जळतोय.
त्यांना कळलं नाही. पावती घेऊन गेले.

रविवारी मी हरिपूरला जाते.
बाबांना जाऊन चार वर्षं झाली.
आई फोटोला हार घालते, फोटोशी बोलत नाही.
माझ्याकडं वळून म्हणते,
'त्यांना सांग, यंदा हळदीला भाव आलाय.'
आणि मी, एवढी शिकलेली,
फोटोकडं वळते,
सांगते,
एकही शब्द न धुता.